गच्चीवरची वीज आणि मीटरमधला हिशेब

ऐन मे महिना, दुपारचे दोन, आणि लाइट जाते. गल्लीतल्या सगळ्या घरांतले पंखे थांबतात. ज्या घराच्या गच्चीवर सहा चकचकीत पॅनल उन्हात तळपताहेत, त्या घरातलेही थांबतात. शेजारचे काका कठड्यावरून डोकावतात, "अहो, तुमच्याकडे सोलर आहे ना? मग?" घरमालकापाशी उत्तर नसतं. दीड-दोन लाख खर्चून बसवलेली यंत्रणा नेमकी उन्हाच्या भरात बंद पडते, हे त्याला व्हेंडरने सांगितलेलं नसतं. किंवा सांगितलं तेव्हा त्याचं सगळं लक्ष अनुदानाच्या आकड्याकडे असतं.

यंत्रणा बिघडलेली नसते, तिची रचनाच तशी असते. घरांवर बसणाऱ्या बहुतेक सौर यंत्रणा 'ऑन-ग्रिड' म्हणजे महावितरणसारख्या कंपनीच्या तारांना जोडलेल्या असतात. त्यातला इन्व्हर्टर बाहेरून येणाऱ्या विजेच्या ठेक्याशी जुळवून आपली वीज तयार करतो. बाहेरची वीज गेली की तोही क्षणार्धात थांबतो, आणि त्याने थांबलंच पाहिजे. लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनला एखाद्या घरातून उलट्या दिशेने येणाऱ्या विजेचा झटका बसू नये, यासाठी हा नियम आहे. लाइट गेल्यावरही पंखे फिरायला हवे असतील तर 'हायब्रिड' इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. त्यामुळे खर्च बराच वाढतो, शिवाय बॅटरी कधीतरी बदलावी लागते. महिन्यातून दोनदा तासभर लाइट जाणाऱ्या पुण्या-ठाण्यातल्या घराने या फंदात पडू नये. जिथे रोज दुपारी तीन तास वीज नसते तिथे मात्र बॅटरीचा विचार करायला हवा, कारण अशा घराचं नुकसान दुहेरी असतं. पंखा बंद राहतोच, आणि गच्चीवर त्या तीन तासांत तयार होऊ शकणारी पाच-सहा युनिटंही वाया जातात.

गेल्या काही वर्षांत सौर पॅनल हा मध्यमवर्गीय घरातल्या बोलण्याचा विषय झाला, तो मुख्यतः केंद्राच्या 'पीएम सूर्यघर: मोफत वीज' योजनेमुळे. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी ती सुरू झाली. २०२६-२७ पर्यंत एक कोटी घरं आणि ७५,०२१ कोटी रुपयांचा खर्च असं तिचं उद्दिष्ट आहे. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० असं जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचं अनुदान थेट खात्यात येतं. अट एवढीच, की पॅनल आणि त्यातल्या पेशी दोन्ही भारतात बनलेल्या हव्यात. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याची वाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झाली. महिन्याला शंभर युनिटांपर्यंत वीज वापरणाऱ्या घरांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये वेगळी भरही घातली.

योजना, अनुदान, कर्जाचे हप्ते यांची माहिती आता कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही असते. त्यानंतर काय, याची माहिती मात्र क्वचितच कुणाला असते. पॅनल एकदा बसले की पंचवीस वर्षं बघायला नको, असा समज सगळीकडे आहे. तो अर्धाच खरा आहे. पॅनल टिकतात हे खरं, पण ते पूर्ण क्षमतेने वीज देताहेत की नाही, हे महिन्यातून एकदा आकडे बघितल्याशिवाय कळत नाही.

सुरुवात एका सोप्या आकड्यापासून करता येते. महाराष्ट्रात एक किलोवॉटचे पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिट देतात. म्हणजे तीन किलोवॉटला दिवसाला बारा, महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. ही सरासरी आहे. फेब्रुवारी ते एप्रिलमधल्या स्वच्छ दिवशी किलोवॉटमागे पाच युनिटांपर्यंत मजल जाते. जुलै-ऑगस्टच्या झडीत दोनसुद्धा मिळत नाहीत असे दिवस येतात. जुलैचं बिल बघून "फसवलं हो आपल्याला" म्हणणारे जसे असतात, तसेच मार्चचं बिल बघून "अजून दोन पॅनल टाकू या" म्हणणारेही असतात. दोघांनीही वर्षभर थांबावं.

सर्वांत जास्त वीज मे महिन्यात मिळत असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. कारखान्यात त्यावर छापलेली क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. मेच्या दुपारी विदर्भ-मराठवाड्यात पॅनलच्या आतली पेशी ६५ अंशांपर्यंत सहज तापते. दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के क्षमता घटते. ४० अंश जास्त म्हणजे सरळ १२ ते १६ टक्के घट. म्हणून पॅनलच्या पाठीमागून वारा खेळायला हवा. पत्र्याच्या छपरावर पॅनल अगदी चिकटवून बसवले की दिसायला छान दिसतात, पण खालची गरम हवा अडकते आणि पॅनल आणखी तापतात. चार-सहा इंचांची फट ठेवायला व्हेंडरला सांगावं. इन्व्हर्टरचंही तसंच. पश्चिमेच्या भिंतीवर, संध्याकाळच्या उन्हात लटकवलेला इन्व्हर्टर तापला की स्वतःला जपण्यासाठी वीज कमी करतो. त्याची जागा सावलीत, जिन्याच्या माथ्यावरच्या खोलीत, हवेशीर.

इन्व्हर्टर सावलीत हवा, आणि पॅनल सावलीत मुळीच नकोत. सगळ्यांत जास्त वीज सावलीपायीच बुडते, आणि हे नुकसान कुणाच्या लक्षातही येत नाही.

एका पॅनलमध्ये अनेक पेशी एकापाठोपाठ एक जोडलेल्या असतात आणि असे पाच-सहा पॅनल पुन्हा एका माळेत जोडलेले असतात. सगळ्यांतून एकच प्रवाह वाहतो. बैलजोडीतला एक बैल बसला की दुसराही अडतो, तसं एका कोपऱ्यावर सावली पडली की बाकीच्या उन्हातल्या पेशींनाही हात आखडता घ्यावा लागतो. पॅनलमध्ये बायपास डायोड बसवलेले असतात. ते सावलीतला भाग वगळून प्रवाह पुढे नेतात, पण त्या भागाची वीज बुडतेच. हल्ली मिळणाऱ्या 'हाफ-कट' पॅनलमध्ये वरचा आणि खालचा अर्धा भाग वेगवेगळे चालतात, त्यामुळे तोटा थोडा मर्यादित राहतो. तरीही डिश अँटेनाची, पाण्याच्या टाकीची किंवा कपडे वाळत घालायच्या तारेची सावली रोज दोन तास पडत असेल, तर वर्षाकाठी बुडालेली युनिटं मोजून थक्क व्हायला होतं.

यात एक मेख आहे. व्हेंडरचा माणूस जागा बघायला येतो तो बहुधा उन्हाळ्यात, कारण उन्हाळ्याची बिलं आली की लोकांना सोलर आठवतं. मेमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. पुण्यात १३ मेच्या सुमारास, मुंबईत १५ मेच्या सुमारास 'शून्य सावलीचा दिवस' येतो. शाळेतली मुलं अंगणात काठी उभी करून तो बघतात. त्या दिवसांत भर दुपारी गच्चीवर कुठेच सावली दिसत नाही, आणि माणूस सांगतो, "काका, एकदम क्लिअर जागा आहे." डिसेंबरात चित्र पालटतं. २१ डिसेंबरला पुण्यात सूर्य भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून फक्त ४८ अंश वर येतो. सकाळी साडेनऊच्या सुमारास तर तो ३० अंशांच्याही किंचित खाली असतो आणि दोन मीटर उंच टाकीची सावली साडेतीन मीटर लांब पडते. म्हणून जागा ठरवताना विचारायचा प्रश्न एकच: डिसेंबरात, सकाळी नऊ ते दुपारी चार, इथे सावली कुठपर्यंत येईल? चांगला व्हेंडर संगणकावर वर्षभराच्या सावल्यांचा आराखडा काढून देतो. जो "काही होत नाही हो" म्हणतो, त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

टाकी हलवता येते. ती पॅनलच्या उत्तरेला नेली की प्रश्न मिटतो, कारण वर्षाचा बहुतेक काळ सूर्य आपल्या दक्षिणेकडून फिरतो. शेजारचा नारळ हलवता येत नाही. शेजारच्या बंगल्याच्या जागी उद्या सात मजली इमारत उभी राहणार असेल तर काहीच हलवता येत नाही, आणि पुण्याच्या जुन्या सोसायट्यांमध्ये ही भीती कल्पनेतली नाही. जिथे सावली टाळताच येत नाही, तिथे प्रत्येक पॅनलखाली स्वतंत्र मायक्रो-इन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर लावण्याचा मार्ग आहे. त्यामुळे एका पॅनलचा त्रास दुसऱ्याला होत नाही. महाग पडतो, पण सावलीच्या गच्चीवर तो पैसा वसूल होतो. मोकळ्या गच्चीवर तो कुणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणावं.

दिशेचा मात्र फार बाऊ केला जातो. पॅनल दक्षिणेला तोंड करून, गावाच्या अक्षांशाइतके कललेले असावेत, हा नियम बरोबर आहे. पुण्याला साडेअठरा अंश, नागपूरला एकवीस, पणजीला साडेपंधरा. पण आपण विषुववृत्ताच्या इतके जवळ आहोत, की कल दहा अंश असला किंवा पॅनल पूर्व-पश्चिमेकडे थोडे वळलेले असले तरी फारसं बिघडत नाही. अगदी सपाट मात्र ठेवू नयेत. पावसाचं पाणी साचतं आणि खालच्या कडेला मातीची पट्टी धरते. दक्षिणेला झाड आणि पूर्वेला मोकळं आकाश असेल तर पूर्व निवडावी.

महाराष्ट्रात हल्ली पॅनल सात-आठ फूट उंच सांगाड्यावर बसवण्याची पद्धत रूढ झाली आहे. गच्ची वापरायला मोकळी राहते, खालच्या खोल्या थंड राहतात. (कुरडया-पापड मात्र तिथे वाळत नाहीत, हे आज्जींनी पहिल्याच उन्हाळ्यात दाखवून दिलेलं असतं.) या उंचीची किंमत वाऱ्याच्या रूपाने मोजावी लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं, तेव्हा ताशी शंभर किलोमीटरहून जोराच्या वाऱ्याने कोकणात छपरंच्या छपरं उडाली. साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद असे सहा पॅनल म्हणजे वाऱ्याला मिळालेलं एक शीडच. सांगाड्याचे पाय नुसत्या वीटकामात ठोकलेले नसावेत. ते स्लॅबमध्ये किंवा कॉलमच्या डोक्यावर पक्के बसवलेले हवेत. किनाऱ्याजवळ गंज हा दुसरा शत्रू. नुसता रंग दिलेला लोखंडी अँगल खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत फुगायला लागतो. तिथे 'हॉट-डिप' जस्त चढवलेलं लोखंड किंवा अॅल्युमिनियम, आणि नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच. बोल्ट साधे वापरून वाचवलेल्या शे-दोनशे रुपयांपायी पुढे सगळा सांगाडा खिळखिळा होतो.

उंच सांगाड्याची आणखी एक अडचण म्हणजे सफाई. वर चढता येत नाही म्हणून पॅनल वर्षानुवर्षं धुतलेच जात नाहीत. पावसाळ्यात निसर्ग ते काम करतो. प्रश्न दिवाळीनंतर सुरू होतो. कोरडी धूळ, शेजारच्या बांधकामाचं सिमेंट, आणि सांगली-कोल्हापूरकडे गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून उडून येणारी काळी राख. हंगाम आणि कोरडा काळ नेमके एकाच वेळी येतात, त्यामुळे तिकडे पंधरा दिवसांनी पॅनल पुसणं भागच असतं. इतरत्र नोव्हेंबर ते मेपर्यंत महिन्यातून एकदा पुरे.

धुण्याची वेळ पहाटेची. थंडीत काचेवर दव पडलेलं असतं, त्याने धूळ आधीच भिजलेली असते. मऊ मॉप आणि बादलीभर पाण्यात काम होतं. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाण्याची धार सोडली तर काचेला तडा जाण्याची भीती. साबणाची पावडर नको, तिचा पातळ थर राहतो आणि धूळ त्याला जास्तच चिकटते. बोअरचं पाणी जड असेल तर ते काचेवर वाळू देऊ नये. क्षारांचे पांढरे डाग एकदा बसले की निघता निघत नाहीत. शेवटचा हात पावसाच्या साठवलेल्या किंवा नळाच्या पाण्याचा द्यावा आणि वायपरने निथळावं. कबुतरांची विष्ठा मात्र महिन्याच्या मुहूर्ताची वाट बघत ठेवू नये. पातळ धुळीने सगळ्या पॅनलची वीज थोडी थोडी घटते. विष्ठेचा जाड ठिपका एकाच पेशीचा उजेड अडवतो, ती पेशी तापत राहते आणि कालांतराने तिथे करपल्यासारखा डाग पडतो. धुताना एक पथ्य: मागच्या वायरींना हात लावायचा नाही. ऊन असेपर्यंत सहा पॅनलच्या माळेत अडीचशे-तीनशे व्होल्टचा डीसी दाब असतो, आणि घरातला मेन स्विच बंद केला तरी तो जात नाही.

आता बिल. सौर वीज घेणाऱ्या घरांत सगळ्यात जास्त गोंधळ याच कागदावरून होतो. समजा तीन किलोवॉटच्या घराने महिन्याला ४०० युनिट वापरली. मोबाइलमधलं इन्व्हर्टरचं अॅप सांगतं, पॅनलने ३६० युनिट तयार केली. बिलावर मात्र 'निर्यात' २४० दिसते. मग १२० युनिट कंपनीने खाल्ली? नाही. ती तयार झाली त्याच क्षणी घरातल्या फ्रिजने, पंप आणि पंख्यांनी वापरली. मीटरपर्यंत पोहोचलीच नाहीत. नेट मीटर फक्त घराच्या उंबऱ्यावरची ये-जा मोजतो. रात्री आणि ढगाळ वेळी घराने बाहेरून २८० युनिट घेतली, दिवसा २४० दिली. फरक ४०, तेवढ्याचंच बिल. ३६० तयार, १२० घरात, २४० बाहेर. हे तीन आकडे एका वहीत महिन्याच्या महिन्याला लिहून ठेवले की निम्म्या तक्रारी लिहिण्याआधीच मिटतात, आणि उरलेल्या निम्म्यांना पुरावा मिळतो.

बिल शून्य येत नाही, हीसुद्धा तक्रार असते. सगळी युनिटं फिटली तरी स्थिर आकार राहतोच. मीटर आणि जोडणी ठेवण्याचा तो खर्च. 'शून्य बिल' हे जाहिरातीतलं वाक्य आहे.

खरी गंमत स्लॅबमध्ये आहे. महावितरणचे घरगुती स्लॅब १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत, आणि वर जावं तसा युनिटचा दर चढत जातो. सोलर आधी वरची, महागडी युनिटं कापतं. त्यामुळे ५०० युनिट वापरणाऱ्या घराला पहिल्या किलोवॉटचा जितका फायदा होतो, तितका शेवटच्याचा होत नाही. सगळं बिल पुसून टाकण्याच्या हट्टापायी यंत्रणा मोठी करणं म्हणजे स्वस्तातली शंभर युनिटं महागाने तयार करणं. बऱ्याच घरांना वापराच्या ऐंशी-नव्वद टक्के भागेल एवढी यंत्रणा पुरते.

त्याआधी घरातला वापर बघावा. जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. चार पंखे रोज बारा तास चालत असतील तर दिवसाला दोन युनिटांहून जास्त वाचतात. दोन युनिट म्हणजे अर्ध्या किलोवॉटच्या पॅनलचं रोजचं उत्पन्न. आणि पंख्यांना गच्चीवर जागा लागत नाही. गिझरचंही असंच. पॅनल उन्हातली जेमतेम २१-२२ टक्के ऊर्जा विजेत बदलतो. सौर बंब त्याच उन्हाच्या निम्म्याहून जास्त ऊर्जेचं गरम पाणी करतो. पुण्यात बऱ्याच इमारतींवर हे बंब वर्षानुवर्षं आहेत. नवे पॅनल बसवायला जागा हवी म्हणून चांगला चालता बंब काढून भंगारात देणारी घरं दिसतात तेव्हा त्यांना थांबवावंसं वाटतं.

"वॉशिंग मशीन दुपारी लावा, मोटार दुपारी लावा," हा सल्ला तर जिकडेतिकडे मिळतो. जर्मनी-ऑस्ट्रेलियासारख्या देशांत तो रास्त आहे. तिथे घराने बाहेर दिलेल्या युनिटाला बाहेरून घेतलेल्या युनिटाच्या मानाने फारच कमी भाव मिळतो, म्हणून आपली वीज आपणच वापरलेली बरी. महाराष्ट्रातल्या साध्या घरगुती नेट मीटरिंगमध्ये मात्र दिलेलं युनिट आणि घेतलेलं युनिट एकास एक वजा होतं. दुपारी धुतलेले कपडे आणि रात्री धुतलेले कपडे बिलात सारखेच. मग वेळ पाळायचीच नाही का? दोन कारणांनी पाळलेली बरी. एक, वारा कुठल्या दिशेने आहे ते दिसतं आहे: १ जुलै २०२५ पासून महावितरणने स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत सुरू केली. दुपारची वीज मुबलक आणि स्वस्त, संध्याकाळची तुटपुंजी आणि महाग, हे गणित आता घरापर्यंत पोहोचतंय.

दुसरं कारण गावाकडच्या वाचकांना जास्त ओळखीचं वाटेल. ज्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, पंधरा-वीस घरांनी सोलर बसवलं आहे तिथे दुपारी सगळेच वीज बाहेर ढकलतात आणि वापरणारं कुणी नसतं. लाइनचं व्होल्टेज चढतं. ते २५०च्या पुढे गेलं की इन्व्हर्टर 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' असा संदेश देऊन थांबतो, थोड्या वेळाने सुरू होतो, पुन्हा थांबतो. बाहेर लख्ख ऊन, आणि अॅपवरच्या आलेखाला दुपारी करवतीचे दाते. अशा वेळी घरातली मोटार चालू असेल तर व्होल्टेज थोडं खाली राहतं. पक्का उपाय दुहेरी आहे. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल जाड हवी, कारण लांब आणि बारीक केबलमुळे इन्व्हर्टरच्या तोंडाशी व्होल्टेज आणखी वाढतं. आणि वीज कार्यालयात लेखी अर्ज देऊन ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलून घ्यायचा. अर्जासोबत त्या आलेखाचे फोटो जोडले तर काम लवकर हलतं.

हा आलेखच घरातला खरा तपासनीस. स्वच्छ दिवशी त्याचा आकार घंटेसारखा गोल असतो. रोज एकाच वेळी खड्डा पडत असेल तर ती सावली. डोकं सपाट कापल्यासारखं असेल तर इन्व्हर्टरची कमाल गाठली गेली किंवा तो तापतो आहे. सगळा आलेखच बुटका झाला असेल तर धूळ, किंवा एखादी माळ सुटलेली. पॅनल दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास थकतात, ते चालायचंच. पण गेल्या मार्चमधला लख्ख दिवस आणि या मार्चमधला लख्ख दिवस यांत दहा टक्क्यांचा फरक असेल तर व्हेंडरला फोन लावायला हवा. अनुदानाच्या योजनेत पहिली पाच वर्षं देखभाल ही त्याचीच जबाबदारी आहे, हे बऱ्याच ग्राहकांना ठाऊकच नसतं. घरातला वाय-फाय बदलला, पासवर्ड बदलला की अॅपला माहिती येणं बंद होतं आणि महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही, हा सर्रास दिसणारा प्रकार. वळवाच्या पावसाआधी अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी ओतायचं तेवढं लक्षात ठेवावं. एप्रिल-मेत जमीन सुकलेली असते आणि मराठवाड्या-विदर्भात विजा त्याच सुमारास पडतात.

उरला मार्च महिना. घराने जास्तीची दिलेली युनिटं पुढच्या महिन्यात जमा धरली जातात, पण फक्त आर्थिक वर्षाच्या आत. नोव्हेंबरपासून ऊन चांगलं आणि पंखे बंद, त्यामुळे हिवाळाभर शिल्लक वाढत जाते. आणि ३१ मार्चला, म्हणजे एसी-कूलर सुरू होण्याच्या नेमक्या तोंडावर, खातं कोरं होतं. उरलेल्या युनिटांचे पैसे कंपनी देते, पण वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने, आणि तो दर घराने वाचवलेल्या वरच्या स्लॅबच्या दरापेक्षा कितीतरी कमी असतो. जानेवारी-फेब्रुवारीच्या बिलावर शिल्लक युनिटांचा आकडा बघून ठेवावा. तो दोन-तीनशेच्या घरात असेल तर मार्चभर इंडक्शनवर स्वयंपाक करावा, गॅसचं एक सिलिंडर तरी वाचेल. ई-स्कूटर असेल तर तीही घरीच चार्ज करावी. एप्रिलच्या बिलात शिल्लक शून्य दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. उरलेल्या युनिटांची रक्कम जमा झाली आहे का, एवढं त्या बिलात किंवा पुढच्या बिलात तपासावं, आणि दिसत नसेल तर वहीतल्या आकड्यांसह उपविभागीय कार्यालयात अर्ज द्यावा.